बियाण्यातला विषाणू नेमका बसतो कुठे?

टोमॅटोच्या संकरित वाणाचं दहा ग्रॅमचं पाकीट फोडून बी तळहातावर ओतलं, तर मूठसुद्धा भरत नाही. मोजायला बसलात तर तीन हजारांच्या आसपास बिया निघतात. पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं असतं : उगवण किमान ७० टक्के, भौतिक शुद्धता अमुक, आनुवंशिक शुद्धता तमुक, लॉट नंबर, चाचणीची तारीख, औषध चोळलेलं आहे, खाण्यासाठी वापरू नये. विषाणूबद्दल एक अक्षर नसतं. यात कुणाची लबाडी आहे असं लगेच समजू नये. अशी ओळ छापायची ठरवली तर तीत नेमकं काय लिहायचं, यावरच जगभर शंभरेक वर्षं वाद चालू आहे.

२०२०च्या उन्हाळ्यात जुन्नर, संगमनेर, अकोले या भागांत टोमॅटोची फळं पिकताना एकसारखी लाल होईनात. हिरवा, पिवळा, लाल असे तीन रंग एकाच फळावर. टाळेबंदीचे दिवस, सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, त्यामुळे याचंही ‘तिरंगा व्हायरस’ असं बारसं झालं. असा टोमॅटो खाल्ला तर माणसाला बाधतो ही अफवाही सोबत उठली आणि उरलासुरला भावही पडला. शेतकऱ्यांचा पहिला संशय बियाण्यावर होता. नमुने बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले, तेव्हा त्यांत प्रामुख्याने काकडीच्या मोझॅकचा विषाणू सापडला. हा विषाणू मुख्यतः मावा पसरवतो.

‘बियाणंच बोगस’ हे आपल्याकडचं ठरलेलं वाक्य आहे आणि ‘आमच्या बियाण्यात काही नाही’ हे त्याचं ठरलेलं उत्तर. दोन्ही वाक्यं एकाच गृहीतावर उभी आहेत : बियाण्यात विषाणू एक तर असतो किंवा नसतो. प्रत्यक्षात विषाणू बियाच्या सालीवर असू शकतो, सालीच्या आत असू शकतो, थेट गर्भात असू शकतो. बियात असूनही रोपात न उतरणं शक्य आहे. आणि हजारात एका रोपात उतरून अख्खा प्लॉट बसवणंही शक्य आहे. कोणता विषाणू, कोणतं पीक आणि बियाचा कोणता भाग, एवढं कळल्याशिवाय दोष कुणाचा आणि उपाय काय, या दोन्ही प्रश्नांना हात घालता येत नाही.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. आपल्या शेतात डोळ्यांना दिसणारे बहुतेक विषाणूरोग बियाण्यातून आलेले नसतात. भेंडीचा हळद्या पांढऱ्या माशीचा, टोमॅटोवरची पर्णगुच्छाची साथ तिचीच, शेंडेमर फुलकिड्यांची. ज्ञात वनस्पती विषाणूंपैकी साधारण पाव हिस्साच कुठल्या ना कुठल्या पिकात बियातून पुढच्या पिढीत जातो. बाकीच्यांना ते दार बंद आहे, आणि ते का बंद आहे हे बघण्यासारखं आहे.

विषाणूला झाडात फिरायचं तर एका पेशीतून शेजारच्या पेशीत जाणारे सूक्ष्म पूल लागतात. पानात, देठात, मुळात असे पूल सगळीकडे असतात. झाडाची पेशी आणि बियातला गर्भ यांच्यामध्ये मात्र ते तोडलेले असतात. गर्भ ही नवी पिढी. तिला अन्न मिळतं ते पाझरून, पुलावरून चालत नव्हे. म्हणून पानापानांत विषाणू भरलेल्या झाडाचं बीही बहुधा स्वच्छ निघतं. झाड मरायला टेकलेलं असतं आणि पोर धडधाकट जन्मतं.

हे कुंपण दोन ठिकाणी फुटतं. एक म्हणजे बी धरायच्या आधी : परागकणातच किंवा अंडपेशीतच विषाणू असेल तर गर्भ त्याच्यासकटच तयार होतो. दुसरी फट अगदी थोडा वेळ उघडी असते आणि तिचा शोध इंग्लंडमध्ये नॉरिच इथल्या जॉन इन्स संस्थेत वांग आणि मौल या दोघांनी १९९०च्या दशकात वाटाण्यावर घेतला. कोवळ्या गर्भाला एक देठ असतो, दोरीसारखा. गर्भाला अन्नाच्या दिशेने ढकलणं आणि पोसणं हे त्याचं काम. ते झालं की तो जिरून जातो. वाटाण्याच्या बीजन्य मोझॅकचा विषाणू बियाच्या तोंडाशी असलेल्या पेशींतून या देठात शिरतो आणि देठ जिरायच्या आत गर्भात पोचतो. त्यांनी दोन वाण शेजारी ठेवले होते. ‘व्हेडेट’मध्ये विषाणू बियाच्या तोंडापर्यंत पोचत होता, म्हणून बी बाधित. ‘प्रोग्रेटा’मध्ये तो त्या कोपऱ्यापर्यंत वेळेत येतच नव्हता, म्हणून बी स्वच्छ. विषाणू तोच, पीक तेच. फरक होता तो काही दिवसांच्या आणि काही पेशींच्या अंतराचा.

शेतावरचं एक जुनं निरीक्षण यातून आपोआप उलगडतं. फुलोऱ्याआधी रोगट झालेल्या झाडाचं बी धोक्याचं. फुलोऱ्यानंतर, शेंगा भरताना रोग आला तर बी बरंचसं सुटतं. एकाच शेंगेत दोन दाणे बाधित आणि तीन चांगले असंही होतं. घरचा घेवडा किंवा चवळी बियाण्याला ठेवणाऱ्याने शेंगा तोडताना झाड निवडून उपयोग नाही, कारण तोवर पानं वाळलेली असतात. झाड बघायचं ते कळ्या धरताना. पानावर हिरवी-पिवळी नक्षी आहे, पान खाली वळलंय, अशा झाडाला तेव्हाच सुतळी बांधून ठेवायची आणि त्याचं बी घ्यायचं नाही. घेवड्याचं मोझॅक बियातून जातं हे अमेरिकेत रेडिक आणि स्टुअर्ट यांनी १९१९मध्येच दाखवलं होतं. गर्भात बसलेला हा विषाणू किती चिवट, तर तीस वर्षं ठेवलेल्या बियांतही तो जिवंत सापडला आहे. बी उगवेनासं होईपर्यंत तो आत वाट बघत बसतो.

गर्भात बसलेल्या विषाणूला औषध नाही. बी धुऊन, भिजवून, शेकून तो निघत नाही; निघाला तर सोबत गर्भही मरतो. उपाय एकच, बाधित लॉट पेरायचाच नाही. पण ‘बाधित’ म्हणजे किती? कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्याने या प्रश्नाचं उत्तर फार महागात शिकून दिलं. तिथलं मुख्य पीक लेट्यूस. लेट्यूसचं मोझॅक बियातून जातं हे न्यूहॉल यांनी १९२३मध्ये सांगितलं होतं. बियातून उगवणारी बाधित रोपं शेकड्याला साधारण दोन-चार, कधी हजाराला एक. पण शेतात ती अशी विखुरलेली की माव्याला जिथे बसेल तिथे विषाणू हाताशी. मावा पानावर सोंड टेकतो, चव घेतो, पुढच्या झाडावर जातो. या विषाणूसाठी तेवढं पुरतं. हजाराला एक हे प्रमाणही चालणार नाही असं तिथे दिसून आलं आणि शेवटी निकष ठरला : तीस हजार बियांत शून्य. जोडीला वर्षातून काही काळ खोऱ्यात लेट्यूस उभंच ठेवायचं नाही, असाही नियम आला. दोन्ही पाळल्यावर रोग आटोक्यात आला. भाजीपाल्याच्या बीजन्य विषाणूंबद्दल जगात जी काही खरी यशोगाथा आहे ती हीच, असं माझं मत आहे. आणि ती कोणत्याही औषधाची नाही.

टोमॅटो, मिरची, काकडी, दुधी, कलिंगड यांची गोष्ट याहून अगदी वेगळी आहे. इथे मुख्य खलनायक तंबाखूच्या मोझॅकच्या कुळातले. काठीसारखे, सुमारे ३०० नॅनोमीटर लांब, आणि विलक्षण टिकाऊ. वाळलेल्या पानात, मातीतल्या मुळांच्या तुकड्यांत, कपड्यांवर, सुतळीवर, चिमट्यावर महिनोन्महिने जिवंत राहतात. या कुळातला ढोबळी मिरचीचा एक विषाणू तर माणसाच्या पोटातूनही सहीसलामत बाहेर पडतो. २००६मध्ये माणसाच्या विष्ठेत तो मुबलक सापडला, आणि आता सांडपाण्यात मैला किती आहे हे मोजायला तोच वापरतात. कोविडच्या काळात सांडपाण्याच्या तपासणीतही त्याचा मापासारखा उपयोग झाला. आपण तिखटाबरोबर काय काय गिळतो, याची ही एक वेगळीच नोंद.

हे कुळ गर्भात शिरत नाही. ते सालीवर बसतं, क्वचित सालीखालच्या थरात. टोमॅटोचं बी भिंगाखाली धरलं तर ते गुळगुळीत दिसत नाही. अंगभर करड्या-पिवळट केसांची लव असते, आणि ताज्या बियाभोवती बुळबुळीत गीर. बाधित फळातल्या गिरात विषाणू ठासून भरलेला असतो. तो वाळताना या लवेत अडकून बसतो. म्हणजे बाधित झाडाच्या जवळजवळ प्रत्येक बियावर विषाणू सापडू शकतो, आणि तरीही ते बी पेरलं तर बहुतेक रोपं निरोगी निघतात. मग बाधा होते कशी? इंग्लंडमध्ये ब्रॉडबेंट यांनी १९६०च्या दशकात हे उलगडलं. बी पेरलं आणि रोपं जागेवर ठेवली, तर ती क्वचितच आजारी पडत. तीच रोपं उपटून दुसरीकडे लावली, की आजार सुरू. उगवताना साल दलपत्रांच्या टोकाला चिकटून वर येते किंवा मुळाशी मातीत राहते. रोप हलवताना नाजूक मुळं तुटतात, खोडावर नखाचा ओरखडा पडतो आणि सालीवरच्या विषाणूला दार मिळतं. बियापासून रोपापर्यंतचा शेवटचा टप्पा माणसाच्या हाताने पार होतो.

आता हे जालना-बुलढाणा पट्ट्यात आणून बघा. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या तालुक्यांत शेडनेटखाली टोमॅटो, मिरची, काकडीचे सीड प्लॉट आहेत. संकरित बियाण्याचं काम म्हणजे ‘क्रॉसिंग’. दुपार कलली की बाया मादी ओळीत शिरतात. उद्या उमलणारी कळी हेरायची, चिमट्याने पाकळ्या उघडायच्या, आतला पिवळा पुंकेसरांचा सुळका अलगद ओढून काढायचा, मधली काडी दुखवायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतल्या फुलांतून काढलेला पराग बोटाने त्या काडीच्या टोकाला टेकवायचा, हिरवी दलं खुडून खूण करायची, पुढचं फूल. एक बाई दिवसाला शेकडो फुलं अशी हाताळते, आणि प्रत्येक फुलाला एक ताजी जखम असते. एका झाडात या कुळातला विषाणू असेल तर त्याला याहून चांगली सोय कुणी करून दिली नसती. त्यात तंबाखू मळलेला हात. बाजारातल्या वाळक्या तंबाखूतही मोझॅकचा विषाणू जिवंत असू शकतो, म्हणून शेडनेटच्या दारात तंबाखूला मनाई आणि साबणाची बादली, हा नियम जुना आहे. हात आणि चिमटे दुधात बुडवायचे ही दुसरी युक्तीही खरी आहे. दुधातली प्रथिनं विषाणूला निकामी करतात. दुधाची भुकटी पाण्यात कालवली तरी काम होतं. आपल्याकडे दोष बियाण्याला देतात आणि झालंच तर कंपनीला. पण रोजंदारीवर वाकून क्रॉसिंग करणाऱ्या बाईच्या मजुरीत हात धुवायच्या वेळेचे पैसे धरलेले असतात का, हे कुणी विचारत नाही. फुलामागे मोजून काम घेतलं तर हात धुतले जाणार नाहीत, यासाठी संशोधनाची गरज नाही.

या कुळातला सर्वांत गाजलेला विषाणू म्हणजे टोमॅटोच्या फळावर तपकिरी खवले आणणारा रुगोज. २०१४च्या शरद ऋतूत इस्रायलमध्ये तो पहिल्यांदा दिसला, २०१५मध्ये जॉर्डनमध्ये. धक्का त्याच्या लक्षणांचा नव्हता. टोमॅटोच्या एका रानटी नातेवाइकाकडून घेतलेल्या ‘टीएम-२ स्क्वेअर’ या जनुकाच्या जोरावर जगातली टोमॅटोची हरितगृहं अर्धशतकभर मोझॅकच्या बाबतीत निर्धास्त होती. या विषाणूने ते जनुकच ओलांडलं. २०१८मध्ये तो मेक्सिको, कॅलिफोर्निया, जर्मनी, सिसिलीत होता. २०१९मध्ये नेदरलँड्स, ब्रिटन, चीनमध्ये. एवढ्या वेगाने समुद्र ओलांडणारं वाहन बियाणंच. भाजीपाल्याच्या बियाण्याचा प्रवास तसाही चमत्कारिक आहे : वाण एका देशात तयार होतो, क्रॉसिंग दुसऱ्या देशात, साफसफाई आणि पॅकिंग तिसऱ्या, पेरणी चौथ्या. इटलीतल्या २०२०च्या अभ्यासात बाधित फळांतल्या सगळ्याच बियांवर हा विषाणू होता, पण रोपांत उतरला तो दलपत्राच्या अवस्थेत २.८ टक्के आणि तिसऱ्या पानाच्या अवस्थेत १.८ टक्के. गर्भात एकदाही नाही. म्हणजे ‘शंभर टक्के’ आणि ‘दोन टक्के’ हे दोन्ही आकडे खरे आहेत, आणि भांडणात प्रत्येक बाजू आपल्या सोयीचा उचलते. हरितगृहात परागीभवनासाठी सोडलेले भुंगे त्याला झाडोझाडी नेतात, हेही कळलं. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०१९पासून आणीबाणीचे निर्बंध लावले.

त्याच कुळातला काकडीवर्गीय पिकांचा विषाणू आपल्याला जवळचा आहे, जरी आपण त्याला ओळखत नसलो तरी. इंग्लंडमध्ये काकडीवर त्याचं वर्णन १९३५मध्ये झालं आणि १९४०च्या दशकातच दिल्लीजवळ दुधीवरच्या मोझॅकच्या नोंदी झाल्या. दुधी आणि हा विषाणू यांची गाठ पुढे जपानमध्येही पडली. तिथे कलिंगडाची कलमं दुधीच्या खुंटावर करतात. दुधीच्या बाधित बियांमुळे १९७०च्या सुमारास कलिंगडाची साथ आली; बाहेरून साजरं दिसणारं फळ आत स्पंजासारखं आणि बेचव. कलम करणाऱ्या पात्याने बाकीचं काम केलं. २०१४मध्ये हाच विषाणू ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला कॅथरिन भागात कलिंगडावर सापडला, आणि त्या सरकारने जगाला एक आकडा दिला : आयात होणाऱ्या काकडीवर्गीय बियाण्याच्या प्रत्येक लॉटमधल्या ९,४०० बियांत तो सापडता कामा नये.

हा आकडा आला कुठून? हिशोब साधा आहे. तीन हजार बिया तपासल्या आणि एकही बाधित निघाली नाही, तर लॉटमध्ये हजाराला एकाहून जास्त बाधा नाही, असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. ९,४०० तपासल्या तर तीच खात्री दहा हजारांत तीनपर्यंत खाली येते. शून्य कधीच सिद्ध होत नाही. तपासलेलं बी दळलं जातं, ते परत पेरता येत नाही. सुरुवातीच्या त्या दहा ग्रॅमच्या पाकिटाची हजाराला एक एवढी हमी हवी असेल तर अख्खं पाकीट चाचणीत जाईल. मोठ्या लॉटला हे परवडतं. लहान लॉट, जुने वाण जपणारी माणसं आणि पैदासकार यांचं मात्र मोठं नुकसान होतं. आणि हजाराला एक म्हणजे थोडं असंही नाही : एकरी सहा हजार रोपं धरली तर बाधित बियांची सहा रोपं. हाताने पसरणाऱ्या विषाणूसाठी, बांधणी-खुडणी आठवड्याला होत असताना, सहा पुष्कळ झाली. रोपवाटिकेत तर १०४ कप्प्यांचे ट्रे एकमेकांना लागून, त्याच हाताने उचलले जाणारे, आणि गिऱ्हाईक निरनिराळ्या गावांतलं.

चाचणीत आणखी एक मेख आहे. एलायझा विषाणूचं प्रथिन ओळखते, पीसीआर त्याचं जनुकीय द्रव्य. तो जिवंत आहे की मेलेला, हे दोन्हींना कळत नाही. सालीवरच्या विषाणूला खरोखर उपाय आहे : बी १० टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटच्या द्रावणात भिजवणं, आम्लाने गीर काढणं, किंवा आधी ओल पुरती काढून मग ७० अंशांच्या आसपास तीन दिवस कोरडी उष्णता देणं. (ओल राहिली तर बीच शिजतं, हे घरी करू पाहणाऱ्यांसाठी.) पण असं धुतलेलं, शेकलेलं बी पीसीआरमध्ये तरीही ‘बाधित’ येऊ शकतं. मग बंदरावर लॉट अडतो. खात्री करायला जुनीच पद्धत वापरतात : बियांचा अर्क तंबाखूवर्गीय झाडाच्या पानावर चोळायचा आणि चार-पाच दिवसांनी डाग उठतात का बघायचं. होम्स यांनी १९२९मध्ये काढलेली ही युक्ती लाखो रुपयांच्या यंत्राचा निकाल आजही फिरवू शकते, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पांढऱ्या माशीच्या विषाणूंबद्दल वर जे ठाम लिहिलं, त्यावर अलीकडे शंका निघाली आहे. २०१६मध्ये कोरियातल्या एका गटाने टोमॅटोच्या पिवळ्या पर्णगुच्छाचा विषाणू बियातून रोपात जातो असं म्हटलं. त्याच सुमारास तमिळनाडूतून उडीद आणि पुढे कारल्याबद्दल असेच दावे आले. स्पेनमधल्या अभ्यासकांनी मात्र २०२०मध्ये सांगितलं की तो बियावर सापडतो, रोपात उतरत नाही. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. पीसीआरला सालीवरची धूळही पुरते, आणि जाळीदार पिंजऱ्यात शेकडो रोपं महिनाभर ठेवून एकही माशी आत शिरली नाही असं म्हणणं सोपं असलं तरी पाळणं अवघड असतं. पण वेगवेगळी पिकं, वेगवेगळे वाण आणि वाटाण्याचा तो धडा लक्षात ठेवला, तर सगळे दावे एका फटक्यात फेटाळणंही बरोबर नाही.

आपल्याकडे १९६६च्या बियाणे कायद्याखाली प्रमाणीकरण ऐच्छिक आहे, लेबल सक्तीचं. बाजारातलं संकरित भाजीपाला बियाणं बहुतांशी ‘सत्यतादर्शक’ लेबलावर विकलं जातं. प्रमाणित बियाण्यातही टोमॅटोच्या मोझॅकची तपासणी होते ती शेतातली उभी झाडं नजरेने बघून, आणि या कुळातले विषाणू अनेक वाणांत लक्षण न दाखवता राहतात. परदेशातून येणाऱ्या बियाण्याला २००३च्या संगरोध आदेशाची चाळण आहे. परदेशी जाणाऱ्या लॉटला तिथल्या सरकारने मागितलेल्या चाचणीचा कागद लागतो : अमुक इतक्या बिया तपासल्या, अमुक विषाणू नाही. म्हणजे ती ओळ छापता येते. एकाच शेडनेटमधून, एकाच हातांनी क्रॉस केलेल्या बियांचे दोन ढीग निघतात. समुद्रापार जाणाऱ्या ढिगासोबत तो कागद जातो, आणि जालन्याच्या दुकानात येणाऱ्या पाकिटावर उगवण किमान ७० टक्के.